जोडीदाराचं पाणी

शेवटच्या दिवशी पहाटे वाटाड्यानं तंबूच्या कापडावर टिचक्या मारल्या, तेव्हा माई जागीच होती आणि विहीणबाई घोरत होत्या. विहीणबाईंचं घोरणंही साधं नव्हे. त्यांची सगळी नोकरी बस डेपोत माइकसमोर गेलेली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली रद्द झाली, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे त्यांनी जन्मभर गावाला ऐकवलं. निवृत्त झाल्या तेव्हा माइक डेपोत राहिला, आवाज तेवढा त्या घरी घेऊन आल्या. झोपेतसुद्धा त्या घोरायला लागल्या की प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं असं वाटायचं.

"उठा विहीणबाई," माई म्हणाली. "आज पोचायचंय."

"जागीच आहे मी," विहीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तुमची खुडबुड चाललीय केव्हाची. झोप नाही वाटतं आली? होतं असं. माणूस फार दमलं की झोप येत नाही."

"दमायला काय झालंय मला?"

"मी कुठं काय म्हणतेय!"

या दोघी जंगलात काय करत होत्या, ते आधी सांगायला हवं. कारण जंगलाची हौस दोघींनाही नव्हती. माईची मुलगी आणि विहीणबाईंचा मुलगा यांनी एकमेकांशी लग्न केलं, तेव्हा या दोघी फोटोत शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. तेवढी जवळीक त्यानंतर कधी झाली नाही. भांडण म्हणाल तर तेही नाही. भांडायला निदान एकमेकींशी बोलावं लागतं. तर पोरांनी शक्कल लढवली आणि दोघींना ही पदयात्रा भेट दिली. घनदाट अरण्य, सोबतीला वाटाड्या, आणि शेवटी एका बुडालेल्या राज्याच्या राजधानीचे अवशेष. लोकांची पोरं आयांना शाल देतात, यांनी जळवा दिल्या.

पण खरी गोम वेगळीच होती. पोरगी पोटुशी होती. बाळंतपणाला हाताशी कुणीतरी मोठं माणूस हवं होतं, आणि दूरगावी त्या दोघांचं घर म्हणजे निव्वळ खुराडं. स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडलं की ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला बाहेर जावं लागे. पाहुण्यासाठी खाट एकच, तीही इस्त्रीच्या कपड्यांखाली गाडलेली. म्हणजे दोघींपैकी एकच आई जाऊ शकत होती. "तुम्हीच दोघी मिळून ठरवा," जावई म्हणाला आणि अंग काढून घेतलं. "अवशेषांपाशी फोनला रेंज येते म्हणतात, तिथून कळवा."

आणि मुलगी काय म्हणाली? "आई, कुणीही एकीनं या."

कुणीही! माईनं फोन खाली ठेवला आणि हातातल्या कवळीवर इतकी पॉलिश घासली की सुळाच झिजून गेला. ती कवळी पुन्हा करावी लागली. माई दातांच्या लॅबमधे कामाला. मागच्या खिडकीपाशी तिचं टेबल, टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, आणि सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. डॉक्टर लोक जबड्याचे ठसे पाठवत, ती त्यावर दात बसवी. ज्याचा जबडा तो माणूस कधी दिसायचा नाही. काम चुकलं तर कवळी परत यायची. बरोबर झालं तर काहीच यायचं नाही. काहीच न येणं हीच शाबासकी, असं माईनं इतकी वर्षं धरलं होतं, आणि बरं चाललं होतं. पण 'कुणीही' हा शब्द काही तिच्या घशाखाली उतरेना. मुलीनं एकदा नुसतं 'आई, तू ये' म्हणावं, मग ही बाई अनवाणी गेली असती. पण आपण होऊन 'मी येऊ का?' असं विचारायचं? छे. ज्याला गरज, तो बोलावतो. माईच्या घरात हाच कायदा होता, आणि तो माईनंच केला होता.

ठरवण्याचं काम विहीणबाईंनी पहिल्याच मुक्कामी उरकून टाकलं. शेकोटीपाशी उभं राहून जाहीर केलं, "अवशेषांपर्यंत जी धड पोचेल, ती जाईल. बाळाला धडधाकट माणूस हवं. जी वाटेत बसेल, ती घरी बसेल. मंजूर?"

"मंजूर," माई म्हणाली. नाही म्हणणं म्हणजे भ्याल्याची कबुली झाली असती.

आता वाटाड्याबद्दल. हा माणूस कमी बोलायचा, आणि बोलायचा ते हुकूमच असायचे. त्याची एक रीत होती. ज्याचं पाणी त्याच्या पाठीवर नाही. प्रत्येकाची एक जोडी लावून द्यायची, आणि तुमची बाटली जोडीदाराच्या पिशवीत, त्याची तुमच्या पिशवीत. म्हणजे कुणी तरणाताठा पुढं पळत नाही आणि कुणी मागं हरवत नाही. तहान लागली की माणूस आपोआप जोडीदाराजवळ येतो. मोठी नामी युक्ती. आजवर नवराबायकोंवर, मित्रांवर, बापलेकांवर ती लागू पडली होती. विहिणींवर त्यानं ती पहिल्यांदाच वापरली.

गटात बाकी तिघंच. एक कॅमेरेवाला आणि त्याची बायको. ती दर वळणावर "पाणी!" म्हणायची, आणि तो कॅमेऱ्यात धरलेलं पाखरू सोडून बाटली काढायचा. तोवर पाखरू गेलेलं. दुसरे इतिहासवाले काका. त्यांनी घरून आणलेल्या पुस्तकातून ते चालताचालता मोठ्यानं वाचून दाखवत. त्यांची जोडी वाटाड्याशी होती, कारण दुसरं कुणी ती घेईना.

आणि या दोघी? त्यांनी वाटेत एकमेकींकडं पाणी मागितलंच नाही. मागणार कशा? जी आधी मागेल तिची बाजू खालची झाली. मुलीच्या आईनं मागितलं तर 'बघा, शेवटी हात पसरलाच', आणि मुलाच्या आईनं मागितलं तर 'आली का जमिनीवर?' तोंडानं असं कुणीच म्हणणार नव्हतं. पण न म्हटलेलं जास्त ऐकू येतं. माई सकाळी मुक्कामावर तांब्याभर पाणी पिऊन घ्यायची, दुपारच्या थांब्यावर दोनतीन कप चहा मारायची, आणि मधल्या वेळात जीभ टाळूला चिकटली तरी चेहरा हसरा ठेवायची. पाठीवर विहीणबाईंची काठोकाठ भरलेली बाटली डुचमळत असे. त्या पाण्याला माईनं बोट लावलं नाही. परक्याची ठेव ती.

शेवटच्या दिवशी निघताना वाटाड्या म्हणाला, "आज मधे थांबा नाही, चहा नाही. सगळा चढ. पाणी पीत राहा."

चहा नाही म्हणजे दिवसभर कोरडंच. पण मग तिनं विहीणबाईंकडं पाहिलं आणि तिला धीर आला. कारण विहीणबाई थकत चालल्या होत्या. माईनं ते बारकाईनं टिपलं होतं. पहिल्या दिवसापासून त्या मागं मागं राहत. दर वळणावर थांबत. "व्हा पुढं," म्हणत, "नाडी सुटलीय बुटाची." एवढ्या नाड्या कुणाच्या बुटाला सुटतात? दम लागतो, आणि सांगायची लाज वाटते, दुसरं काय! माईला अगदी कीव आली. कीव फार छान लागते, विशेषतः चढावर.

आज तर कहर झाला. पहिल्याच चढावर मागून हाक आली, "व्हा पुढं, नाडी."

"सावकाश येऊ द्या," माई मोठ्या मनानं म्हणाली. "घाई नाही काही."

वाट मुळांची होती. झाडांची मुळं पायऱ्यांसारखी आडवी पसरलेली, त्यांवर शेवाळ, वर वेलींचा मांडव. उकाडा असा की अंगावरचा सदरा पिळून वाळत घालावा. काका पुढं वाचत होते, "या अरण्यात राजाच्या सैन्याची एक तुकडी तहानेनं व्याकूळ होऊन..." माईनं तेवढं वाक्य ऐकलं आणि त्यांच्या पुस्तकाला मनातल्या मनात काडी लावली.

"पाणी!" कॅमेरेवाल्याची बायको म्हणाली. नवऱ्यानं बाटली दिली. ती प्याली. तोंड पुसलं. माईनं दुसरीकडं पाहिलं.

"विहीणबाई, बऱ्या आहात ना?" माईनं मागं वळून विचारलं. म्हणजे, 'मागताय का?'

"मी? झकास," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचं तोंड ओलं दिसत होतं. घाम, बिचाऱ्यांना. "तुम्हाला काही हवंय का?"

"मला काय हवं असणार!"

झालं, संपलं बोलणं. आणखी एक चढ. आणखी एक नाडी. माई मनाशी हिशेब मांडत होती. पुढच्या वळणाला नाही तर त्याच्या पुढच्या वळणाला विहीणबाई मट्‌कन खाली बसणार. मग आपण परत फिरायचं, त्यांना हात द्यायचा, पाणीही द्यायचं, अगदी न मागता. आणि म्हणायचं, 'असू द्या हो, वयच आहे.' विहीणबाई तिच्याहून जेमतेम वर्षानं मोठ्या. हे वाक्य तिनं दोनदा घोळवून पाहिलं. तोंड इतकं कोरडं होतं की मनातल्या मनातही ते नीट उच्चारता येईना. मुलीच्या घरची ती खाट तिच्या डोळ्यांसमोर आली. इस्त्रीचे कपडे उचलून आपण त्यावर बसलोय, मांडीवर एवढंसं काहीतरी दुपट्यात गुंडाळलेलं...

मग झाडं संपली आणि समोर दगडी जिना आला. उंच, झिजलेला, मधेमधे गवत उगवलेला. त्याच्या टोकाला पडकी कमान दिसत होती. "पोचलोच!" काका ओरडले. माईनं विजयी मुद्रेनं मागं वळून पाहिलं. विहीणबाई आल्या का, की बसल्या? विहीणबाई येत होत्या. एक नाही, दोन विहीणबाई येत होत्या. मग तीन. मग कमान बाजूला कलली, आणि माईला वाटलं, पडझड झालेली कमान ती, पडायचीच. पण पडली माई.

"थांबा! पुढे गेलेल्या सर्वांनी जागच्या जागी थांबावं!"

हा आवाज असा घुमला की झाडांवरची पाखरं एकदम उडाली. कॅमेरेवाल्याला आयुष्यातलं सगळ्यात चांगलं दृश्य मिळालं असतं, पण तो दचकून खाली बसला होता. वाटाड्या उड्या मारत आला. त्यानं माईला सावलीला निजवलं, पाय दगडावर उंच ठेवले आणि नाडी पाहिली.

"पाणी काढा यांचं," तो विहीणबाईंना म्हणाला.

विहीणबाई गप्प. जन्मात पहिल्यांदा.

"यांची बाटली तुमच्याकडं ना? काढा लवकर!"

विहीणबाईंनी पिशवीतून बाटली काढली आणि उलटी करून दाखवली. एक थेंब पडला. तोही रेंगाळत.

"सांडली?"

"प्याले," विहीणबाई म्हणाल्या.

वाटाड्यानं त्यांच्याकडं पाहिलं, माईकडं पाहिलं, मग माईचीच पिशवी उघडून विहीणबाईंची बाटली बाहेर काढली. काठोकाठ भरलेली. झाकणाचं रबरसुद्धा कोरडं होतं. त्यानं तीत साखरमिठाची पुडी ओतली, हलवली, आणि माईला थोडंथोडं पाजलं. "पाठीवर पाणी घेऊन माणूस तहानेनं पडलं," तो म्हणाला, "असं माझ्या वाटेवर आजवर झालेलं नाही." त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य असावं. मग त्यानं बाकीच्यांना वर जायला सांगितलं, आणि स्वतः चार पायऱ्या खाली, यांच्याकडं पाठ करून, बुटावरची जळू काढत बसला. ऐकत नसल्यासारखा.

माईचं डोकं ठिकाणावर आलं, तसं तिला पहिलं सुचलं ते हे, "तुम्ही माझं पाणी प्यायलात?"

"प्याले."

"आज?"

"रोज," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही मागत नव्हता. मी फुकटचं ओझं कशाला वाहू? तहान लागायची, थांबायचं, दोन घोट घ्यायचे. संध्याकाळी पुन्हा भरून ठेवायची."

"म्हणजे त्या नाड्या..."

"माझ्या बुटांना नाड्या नाहीतच हो."

माईनं पाहिलं. खरंच नव्हत्या. चिकटणाऱ्या पट्ट्या होत्या. इतके दिवस ती विहीणबाईंचा थकवा टिपत होती, आणि पायांकडं पाहायचं राहूनच गेलं होतं.

"लाज नाही वाटली?" माई म्हणाली.

"वाटली. पण तहानेपेक्षा कमी वाटली. आणि काय हो, माझं पाणी होतं ना तुमच्या पाठीवर? तुम्ही का नाही प्यायलात?"

"दुसऱ्याचं न विचारता?"

"मग विचारायचं!"

"तुम्ही विचारलंत?"

"नाही विचारलं. म्हणून चोरून प्याले. पण जिवंत आहे, उभी आहे. तुमचं काय? विचारत नाही, घेत नाही, नुसत्या वाट बघत बसता. कुणीतरी तुमच्या तोंडाकडं पाहून ओळखायचं, आणि ओळखलं नाही की तुम्ही रुसायचं." विहीणबाईंचा आवाज हळूहळू डेपोच्या पट्टीला चढला. "मुलीला तरी विचारलंत का? यायचंय म्हणून सांगितलंत?"

माईनं पाण्याचा घोट उगाचच लांबवला. "ती बोलवेल, तर जाईन."

"ती बोलवेल!" विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, लेक कुणाची ती? ती कशाला बोलवतेय! लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या रात्री तिला पांघरूण कमी पडलं. पोरगी सकाळपर्यंत कुडकुडली, पण मागितलं नाही. मला धुण्याच्या बाईनं सांगितलं, सूनबाई अंगावर टॉवेल घेऊन झोपली होती."

माईला हे कुणी सांगितलं नव्हतं.  टॉवेल तिला ओळखीचा वाटला, तिनंच घेऊन दिलेला निळा असणार. त्यात काय ऊब असणार!

"असो," विहीणबाई उठल्या आणि पट्ट्या उगाचच घट्ट केल्या. "पैज ती पैज. तुम्ही पडलात, मी पोचतेय. वर जाऊन पोरांना कळवते."

आणि गेल्या की! खरंच गेल्या. धाप टाकत, पण मागं न पाहता, एकेक पायरी. माईला वाटलं होतं, एवढं बोलल्यावर माणूस जरा विरघळेल. पण विहीणबाई त्यातल्या नव्हत्या. बोलणं वेगळं आणि गाडीची वेळ वेगळी.

माई बसली. वाटाड्या जळू काढतच होता.

"चढता येईल मला?" तिनं विचारलं.

"हात देऊ?"

माईच्या तोंडी 'नको, नको' आलंच होतं. सवयच ती. "द्या," ती म्हणाली.

वर पोचली तेव्हा विहीणबाई एका मोडक्या खांबाला टेकून, फोन आरशासारखा समोर धरून उभ्या होत्या. फोन कानाला लावणं त्यांना कधी पटलं नाही. ऐकायला चार माणसं नसतील तर बोलायचं कशाला? पलीकडं घंटी वाजत होती. पडक्या भिंतीआड काका राणीच्या स्नानगृहाची माहिती देत होते आणि कॅमेरेवाल्याची बायको पाणी मागत होती.

"हॅलो?" मुलीचा आवाज आला.

"हॅलो, लक्ष दे. ठरलं आहे. तुझ्याकडे..."

"मला बोलायचंय," माई म्हणाली.

"बोला की. माझं झाल्यावर."

"नाही. आधी." आणि माईनं फोन चक्क हिसकावला. आयुष्यात तिनं कुणाच्या हातून काही हिसकावलं नव्हतं, त्यामुळे तो पडतापडता वाचला.

"आई? तुझा आवाज असा का येतोय?"

"पडले होते. ते जाऊ दे." माईनं फोन दोन्ही हातांनी धरला. जिना चढणं सोपं होतं. "मला यायचंय. तुझ्या बाळंतपणाला मला यायचंय. मदत करीनच गं मी, पण मदतीसाठी म्हणून नाही. मलाच यायचंय. तुला मी हवी आहे का, तेवढं सांग. नको असले तरी सांग."

पलीकडं काही नाही. काहीच नाही. माईला पहिल्यांदाच कळलं की काहीच न येणं ही भयंकर गोष्ट आहे.

"तू म्हणायचीस, लॅबमधे सुट्टी मिळत नाही," मुलगी शेवटी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तुला बोलवलं असतं तर तुझी पंचाईत झाली असती. म्हणून म्हटलं, कुणीही या."

"मी सुट्टी कधी मागितलीच नाही."

"मग माग ना!" मुलगी ओरडली आणि रडायलाच लागली. "रोज वाटतं, आज तरी ही म्हणेल मी येते म्हणून. शेजारणीची आई महिनाभर आधी येऊन बसलीय. तू फोनवर विचारतेस काय, तर पाऊस आहे का तिकडं!"

"येते," माई म्हणाली. "येते. येतेय मी. रडू नकोस, पोटात ताण येतो."

"आणि सासूबाई?" मुलीनं नाक ओढत विचारलं. "त्यांना काय सांगू?"

"सांगायला नको. इथंच आहेत. ऐकतायत."

विहीणबाई त्या वेळी खांबावरची नक्षी पाहत होत्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना प्राचीन काळात रस वाटला होता. जबड्यांवर जन्म काढलेल्या माईला मात्र दिसलं, त्यांनी दातावर दात घट्ट धरले होते. त्यांच्या घरीही आता ऐकायला भिंतीच होत्या. माईला वाटलं, काहीतरी बोलावं. पैज हरलेली बाई जिंकलेलीला काय म्हणणार?

विहीणबाई वळल्या. खाकरल्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही जा. लेकीला आई हवी, यात पैज कसली. जागरणं करा, दुपटी धुवा, रात्रभर खांद्यावर घेऊन फेऱ्या मारा. बाळ हसायला लागलं की तुम्ही या परत, आणि मी जाईन."

माईचे डोळे भरून आले. केवढं मन या बाईचं! 'तुमचे उपकार' इथपर्यंत शब्द ओठांवर आले, आणि तिथंच थबकले.

"म्हणजे धुणं माझं आणि हसणं तुमचं?"

"तुम्हाला यायचं होतं ना? मिळालं. आता मला जे हवंय, ते मी मागतेय."

माईनं पूर्वी मान डोलावली असती, आणि मग वर्षभर मनात कुढली असती. "नाही," ती म्हणाली. "पहिलं हसणं बघूनच निघणार मी."

"बरं. मग पालथं पडणं माझं."

"बसणं?"

"अर्थात माझं. तेव्हा मीच तिथं असणार."

"दात यायला लागले की मला बोलवायचं. त्यातलं तुम्हाला काही कळत नाही."

"अहो, बाळ अजून व्हायचंय," फोन म्हणाला. कुणी ऐकलं नाही. पलीकडून वाटाड्या हाका मारत होता, या इकडं, गाभारा इकडं आहे, नंतर अंधारात दिसायचं नाही. विहीणबाईंनी त्याला हातानंच थांबायला सांगितलं.

"आई," मुलगी म्हणाली, "अवशेष कसे आहेत गं?"

दोघींनी माना वर केल्या.

"आहेत," विहीणबाई म्हणाल्या. "हं, रांगण्याचं बोला."